राजवाडे बघायला लांब कशाला?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कमिटीनं मला विषय दिलाय 'फ्रान्समधले राजवाडे'. मुलगी तिकडं नोकरीला असते, त्यामुळं दोनदा जाणं झालं. तिथले फोटो मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकले आणि त्याची शिक्षा म्हणून आज इथं उभा आहे. बोलणार आहे, पण निम्माच वेळ. उरलेला निम्मा वेळ मी औंधवर घालवणार आहे, कारण या वर्षीची आपली सहल औंधला न्यायची की नाही, हे अजून ठरलेलं नाही. मागच्या मीटिंगला एक ज्येष्ठ सभासद म्हणाले ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. ते म्हणाले, "आपण कुंडलची माणसं. आपल्या गावानं सरकारला आव्हान दिलं. आपण राजाचं घर बघायला कशाला जायचं?"

प्रश्न चांगला आहे. हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणून आधी फ्रान्समध्ये जाऊ, मग घरी येऊ.

पॅरिसच्या दक्षिणेला ल्वार नावाची मोठी नदी आहे. तिच्या आणि तिला मिळणाऱ्या लहान नद्यांच्या काठानं राजांनी, सरदारांनी शेकडो महाल बांधले. सगळा प्रदेश शेतीचा. गहू, सूर्यफूल आणि द्राक्षं. आपल्या पलूस-तासगावच्या माणसाला तिथं पहिल्यांदा दिसतात त्या बागा. आपला मांडव डोक्याच्या वर असतो, बाग म्हणजे सावली. त्यांच्या वेली छातीएवढ्या उंचीवर तारांना बांधलेल्या, आणि द्राक्ष खायचं नाही, सगळं वाइनला. बेदाण्याचा विषयच नाही. मी एका बागेत वाकून घड बघत होतो तर मुलगी म्हणाली, "बाबा, महाल तिकडं आहे."

तर महाल. सगळ्यांत मोठा शांबोर. पहिला फ्रान्सिस नावाच्या राजानं १५१९ साली बांधायला काढला. चारशेच्या वर खोल्या. मधोमध एक जिना आहे, त्याला जिना म्हणावं की कोडं. दोन जिने एकमेकांभोवती गुंडाळलेले, एकातून चढणारा आणि दुसऱ्यातून उतरणारा एकमेकांना खिडक्यांतून बघू शकतात, पण भेटत नाहीत. मुलांना हा जिना फार आवडेल. आणि एवढं बांधून राजा तिथं राहिला किती? त्याच्या सगळ्या कारकिर्दीत मिळून जेमतेम बहात्तर दिवस. शिकारीला यायचं घर. येताना सामान, गालिचे, पलंग बरोबर आणायचं आणि जाताना घेऊन जायचं. थंडीत एवढं दगडी घर तापवणं कुणाला जमणार? हे ऐकल्यावर शेजारी उभ्या असलेल्या आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "आणि झाडायचं कुणी?" त्या महालाबद्दल मी वाचलेल्या-ऐकलेल्या सगळ्यांत हा प्रश्न मला सगळ्यांत बरोबर वाटला. चारशे खोल्या झाडणाऱ्याचं नाव कुठल्याच पाटीवर नसतं.

त्याच राजाची दुसरी गोष्ट मात्र सांगण्यासारखी. इटलीतला लिओनार्दो दा व्हिंची म्हातारा झाला तेव्हा या राजानं त्याला बोलावून घेतलं आणि आंब्वाज गावात, आपल्या वाड्याजवळच, राहायला घर दिलं. लिओनार्दो १५१९ मध्ये तिथंच वारला. मोनालिसाचं चित्र फ्रान्समध्ये का, तर म्हणून. ही गोष्ट लक्षात ठेवा, औंधला गेल्यावर उपयोगी पडेल.

आता शेनोन्सो. हा महाल मी कधी विसरणार नाही. शेर नावाच्या नदीवर आडवा पूल आहे आणि त्या पुलावरच साठ मीटर लांबीचं दालन बांधलंय. म्हणजे महालाचा मुख्य दरवाजा या काठावर आणि दालनाचं शेवटचं दार त्या काठावर. पहिल्या महायुद्धात मालकांनी या दालनात इस्पितळ उघडलं, नाचगाण्याच्या जागेत जखमी सैनिकांच्या खाटा लागल्या. दोन हजारांच्या वर माणसांवर तिथं उपचार झाले. पुढचा प्रसंग दुसऱ्या महायुद्धातला. १९४० मध्ये जर्मनांनी फ्रान्स जिंकला, पण देशाचे दोन भाग केले. एक भाग थेट जर्मन सैन्याच्या ताब्यात, दुसरा नावाला का होईना फ्रेंच सरकारकडं. मधली हद्द इथं कुठून गेली? तर याच शेर नदीतून. महालाचं पुढचं दार जर्मनांच्या मुलखात आणि मागचं दार पलीकडच्या. ज्यांच्या मागं जर्मन लागले होते अशी माणसं या दालनातून चालत पलीकडं गेली. साठ मीटर चाललं की सुटका.

त्या दारात उभं राहिल्यावर मला काय आठवलं असेल? कुंडल आठवलं.

मुलांनो, तुमच्या पुस्तकात हे एका ओळीत येतं, म्हणून जरा सावकाश सांगतो. तेव्हा सांगली जिल्हा नव्हता. तो १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. त्याआधी आपल्या भोवतीची बरीच गावं सातारा जिल्ह्यात, म्हणजे थेट इंग्रजांच्या राज्यात. पण कुंडल इंग्रजांच्या थेट राज्यात नव्हतं, ते होतं औंध संस्थानात. औंध संस्थान म्हणजे एक सलग मुलूख नव्हता. बहात्तर गावं, आणि तीही चार ठिकाणी विखुरलेली : औंध, आटपाडी, कुंडल आणि पार विजापूरकडं गुणदाळ. गोधडीवर ठिगळं असावीत तसं. एका शेताचा बांध ओलांडला की राज्य बदलायचं.

आता १९४२ नंतरचे दिवस डोळ्यांपुढं आणा. येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील, आपले जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी आणि किती तरी माणसं भूमिगत. प्रतिसरकार उभं राहिलं, लोकन्यायालयं चालू झाली, तुफान सेनेचं शिक्षण आपल्या कुंडलमध्ये झालं. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ इंग्रजांची पगाराची रक्कम नेणारी रेल्वे अडवली, ती गोष्ट इथल्या पोरापोराला पाठ आहे. मग हे सगळं कुंडलमध्येच का फोफावलं? माणसं धाडसी होती हे खरंच. पण दुसरं एक कारण नकाशात आहे. इंग्रजी हद्दीतल्या पोलिसांना संस्थानच्या हद्दीत मनाला येईल तेव्हा घुसता येत नसे. हद्दीचा आडोसा होता. तो पक्का नव्हता, नुसत्या आडोशानं कुणी वाचलं असतं असंही नाही, अंधारात भाकरी बांधून देणाऱ्या बाया नसत्या तर हद्द काय कामाची? पण आडोसा होता. शेनोन्सोच्या दालनाला दोन दारं होती, तशी आपल्या गावाला दोन राज्यं होती. आणि विशेष म्हणजे दोन्ही गोष्टी त्याच दोन-चार वर्षांतल्या.

म्हणजे ज्यांच्या बळावर आपलं गाव ताठ मानेनं बोलतं, त्या इतिहासाचा एक धागा औंधच्या वाड्याला जाऊन मिळतो. आमच्या ज्येष्ठ सभासदांना माझं पहिलं उत्तर हे.

पण तेवढ्यानं राजाची आरती ओवाळायचं कारण नाही. माणूस कसा होता ते बघू. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी, जन्म १८६८ चा. घराणं मूळ किन्हईचं. परशुराम त्र्यंबक हे छत्रपती राजारामांच्या काळात पुढं आलेले, त्यांच्याकडं प्रतिनिधिपद आलं. बाळासाहेब १९०९ मध्ये गादीवर आले. स्वतः चित्रं काढायचे, स्वतः उभं राहून कीर्तन करायचे, आणि सूर्यनमस्काराचं तर वेड. संस्थानातल्या शाळांत पोरांना सूर्यनमस्कार चुकत नसत. आपल्यातल्या काही घरांत आजोबांच्या तोंडून हे ऐकलेलं असेल.

गादीवर आल्यावर वर्षभरातच त्यांनी एक काम केलं, ते तर आपल्या सोसायटीतल्या निम्म्या घरांच्या पगाराशी जोडलेलं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातली कारखान्याची जागा सोडावी लागली होती. बाळासाहेबांनी त्यांना आपल्या संस्थानातली जागा दिली, कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर, आणि वर दहा हजार रुपये बिनव्याजी. जागा कसली, निवडुंगाचं माळरान. १९१० मध्ये तिथं किर्लोस्करवाडी वसली, आणि पुढं स्टेशनचं नावही तेच झालं. लोखंडी नांगर त्या माळावरून महाराष्ट्रभर गेला. राजानं महालाचा आणखी एक मजला चढवला असता तरी त्याला विचारणारं कुणी नव्हतं. शांबोरच्या राजाला कुणी विचारलं होतं?

मग १९३९. बाळासाहेबांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत विलायतेहून शिकून आलेले. त्यांच्याबरोबर मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडचे इंजिनियर, बंगळूरच्या कारखान्यातली नोकरी करता करता गांधीजींकडं ओढले गेलेले. दोघे सेवाग्रामला गांधीजींकडं गेले, आणि त्यांच्या सल्ल्यानं औंधची नवी राज्यघटना झाली. गावानं पंचायत निवडायची, पंचायतींतून तालुक्याची समिती व्हायची आणि तिथून माणसं वरच्या कायदेमंडळात जायची. कारभार लोकांकडं, राजा नावापुरता. भारतात अजून इंग्रज होते, हैदराबादेत निजाम होता, आणि आपल्या या बहात्तर गावांत माणसं गावचा कारभार स्वतः बघायला शिकत होती. पुढं प्रतिसरकारची लोकन्यायालयं इथं रुजली, त्याचं एक कारण मला हेही वाटतं. इथल्या लोकांना पंचायतीत बसून बोलायची, निवाडा ऐकायची सवय लागलेली होती. हे माझं मत आहे, पटलं नाही तर चहाच्या वेळी भांडा.

त्याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर झालं. कैद्यांची वसाहत, भिंत नाही, कुलूप नाही, कैदी शेती करणार, बायका-मुलांसह राहणार. 'दो आँखें बारह हाथ' हा व्ही. शांतारामांचा १९५७ चा सिनेमा त्यावरच बेतलेला. पटकथा आपल्या ग. दि. माडगूळकरांची, जे औंधच्या शाळेत शिकले.

आता दुसरी बाजू. राजानं सत्ता सोडली ती निव्वळ मनाच्या मोठेपणानं का? काळाची पावलं त्यांनी ओळखली होती, मुलगा आग्रही होता, गांधीजी होते, आणि खाली प्रजा जागी होत होती. सगळं मिळून झालं. वस्तुसंग्रहालयातली चित्रं ज्या पैशातून आली तो पैसा शेवटी आपल्या पणजोबांच्या साऱ्याचाच. म्हणूनच मी म्हणतो, बघायला जायचं. आपल्याच घामाचं काय झालं ते बघायला नको?

वस्तुसंग्रहालय यमाईच्या डोंगरावर आहे. १९३८ मध्ये सुरू झालं. नाव श्री भवानी वस्तुसंग्रहालय. आत गेल्यावर पहिल्यांदा उजेडाकडं लक्ष द्या. चित्रांवर नैसर्गिक उजेड पडावा अशी बांधणीच केली आहे. राजा रविवर्म्याची अस्सल चित्रं आहेत. आपण ती कॅलेंडरवर आणि देवघरात बघितलेली, इथं रंग कसा थरावर थर चढवलाय ते दिसतं. धुरंधरांची चित्रं आहेत. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांची आहेत. हस्तिदंतावरचं, चंदनावरचं कोरीव काम आहे. आणि एका ठिकाणी हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं दगडातलं आई आणि बाळ आहे. त्याची शिल्पं लंडन-न्यूयॉर्कच्या मोठमोठ्या संग्रहालयांत असतात, आणि एक इथं खटाव तालुक्यात, ज्या गावाला जायला आपण पुसेसावळीला गाडी बदलतो! म्हणून म्हटलं, आंब्वाजची गोष्ट लक्षात ठेवा. तिकडच्या राजानं एका चित्रकाराला घर दिलं. इकडच्या लहानशा संस्थानिकानं चित्रकार सांभाळले, अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करून घेतल्या, पंडित सातवळेकरांना वेदांच्या कामासाठी आसरा दिला, गवयांना जागा दिली. अंतूबुवा जोशींनी १९४० मध्ये सुरू केलेला औंधचा संगीत महोत्सव अजून होतो. कुठल्याही गावकऱ्यानं यावं, जमिनीवर बसावं, ऐकावं.

आता मला सगळ्यांत टोचणाऱ्या गोष्टीकडं येतो.

ल्वारकाठचे महाल उभे कसे राहिले? १७८९ मध्ये राज्यक्रांती झाली तेव्हा खेड्यापाड्यांतल्या लोकांनी किती तरी वाडे पेटवले. बऱ्याच ठिकाणी त्यांना घर जाळायचं नव्हतं, आतली कर्जाची आणि वेठीची दप्तरं जाळायची होती. शांबोरचं सामान लिलावात गेलं, दारं-खिडक्यांसकट. आपल्याकडंही १९४८ मध्ये, गांधीजींच्या खुनानंतर, सातारा-सांगली-कोल्हापूर भागात वाडे जळाले. कारणं निराळी, माणसं निराळी. ती गोष्ट अजून घराघरांत आवाज खाली करून सांगितली जाते, आणि जळालेल्यांत कुणाकुणाच्या आजोबांची पुस्तकं होती. मोठ्या आवाजात तिच्याबद्दल बोलायला आपल्याला अजून जमत नाही.

पण आगीनं गेले त्यापेक्षा जास्त वाडे वाटणीनं गेले. फ्रान्समध्ये नेपोलियनच्या कायद्यानं सगळ्या मुलांना सारखा हिस्सा आला, आणि मोठमोठ्या घराण्यांना एकेक महाल सांभाळणं जड झालं. त्यांनी काय केलं? शांबोर सरकारनं १९३० मध्ये विकत घेतलं. शेनोन्सो आजही एका कुटुंबाचं आहे, चॉकलेटच्या कारखान्यावर मोठं झालेलं घराणं, तिकिटावर चालवतात. व्हिलांद्रीला तर कोबी, भोपळा, गाजर रांगोळीसारखं लावलंय, भाजीचा मळा बघायला लोक तिकीट काढतात! बाकी कुठं लग्नं लावतात, कुठं अर्ध्या भागात मालक राहतो आणि अर्ध्या भागात पाहुणे. आणि १९८४ पासून सप्टेंबरमध्ये असे दिवस असतात की एरवी बंद असलेली जुनी घरंही लोकांना उघडी करतात. रांगा लागतात.

आता आपल्या गावठाणात चला. आपण या प्लॉटवर आलो त्याला पंचवीस वर्षं झाली. आपल्यातले बरेच जण वाड्यातून आलो. चारखणी वाडा, पुढं ढेलज, मधे चौक, सोप्यावर झोपाळा, माडीवर कडीपाट, भिंतीत कोनाडे, तळघरात धान्याचं पेव. उताऱ्यावर नावं लागत लागत चौदा-पंधरा झाली, कौलं शाकारायला कुणी पुढं येईना, एक पावसाळा गेला, दुसरा गेला, पांढऱ्या मातीची भिंत फुगली आणि एके रात्री बसली. मग लाकूडवाला टेम्पो घेऊन येतो. कोरीव खांब, चौकट, तुळया, दिंडी दरवाजा वजनावर मोजतो. तीच चौकट पुढं हायवेवरच्या एखाद्या हॉटेलात दिसते, वर पाटी 'अस्सल वाडा थाट'. तिथं आपण दोनशे रुपयांची थालीपीठ-थाळी खातो आणि चौकटीपुढं उभं राहून सेल्फी काढतो.

मी कुणाला नावं ठेवत नाही. पडका वाडा सांभाळणं परवडत नाही, आणि नव्या घरात पाणी, संडास, उजेड आहे, बायकांच्या कमरेला जरा आराम आहे. वाड्याच्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात धूर खाल्लेल्या बाईला वाड्याचं कौतुक सांगायला जाऊ नये. पण पाडण्याआधी फोटो काढायला पैसे लागत नाहीत. मोजमाप घ्यायला लागत नाहीत. कुठं काय होतं हे आजीला विचारून वहीत लिहायला लागत नाहीत. आणि ज्या घरात भूमिगत लपले, ज्या माडीवर बैठका झाल्या, ती घरं कुठली, हे सांगणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. फ्रान्समध्ये अशा दारावर दगडी पाटी असते. आपल्याकडं दारच उरत नाही.

म्हणून सहलीच्या बाबतीत माझी सूचना दोन दिवसांची आहे, आणि दोन्ही दिवस ठरवा. पहिला दिवस औंध. सकाळी सहाला निघायचं, कडेगाव नाहीतर विट्याकडून पुसेसावळीमार्गे. आधी डोंगर, मूळपीठ यमाईचं दर्शन, मग वस्तुसंग्रहालय. आदल्या दिवशी फोन करून उघडं आहे याची खात्री कमिटीनं करायची. आत मुलांनी हात लावायचा नाही, आणि मोठ्यांनी तर अजिबात नाही. खाली गावात यमाईचं देऊळ, दीपमाळ आणि वाड्याचा जो भाग बघायला मिळेल तो. जेवण घरून न्यायचं. कुणाला आणखी उत्साह असेल तर परतताना नाही, पण वेगळ्या रविवारी साताऱ्याजवळ लिंबची बारामोटेची विहीर आहे. विरूबाईंनी १७१९ ते १७२४ मध्ये बांधलेली. विहिरीच्या पोटातच बसायचं दालन आहे, शांबोरच्या जिन्याइतकीच मुलांना आवडेल.

दुसरा दिवस इथंच, चपला घालून पायी. गावठाणातून. वीरभद्राच्या देवळापासून सुरुवात करू. ज्या ज्येष्ठांनी मीटिंगमध्ये मला तो प्रश्न विचारला त्यांनीच पुढं चालायचं आणि कुठल्या घरात काय घडलं ते सांगायचं. मुलांनी वही-पेन आणायचं. नावनोंदणी आज चहाच्या टेबलावर वही ठेवली आहे तिच्यात करा. औंधसाठी गाडीत बावन्न जागा आहेत, दुसऱ्या दिवसासाठी जागांचा प्रश्न नाही.